ताणावरची दोन झाडं

वडिलांनी ताण दिला म्हणून प्रेमिला डॉक्टर झाली, असं माझ्याबद्दल आमच्या गावात अजूनही काही लोक म्हणतात. मी ते ऐकून घेत नाही. कुणी तोंडावर म्हटलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करते, मग तो वयाने कितीही मोठा असो.

ताण म्हणजे काय ते आधी सांगते, कारण नागपूरची संत्री आवडीने खाणाऱ्या सगळ्यांनाच ते ठाऊक असतं असं नाही. मृगाचा बहार धरायचा असला की भर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड तहानेने मलूल होतं, आणि मग पाणी मिळालं की फुलांनी लदबदून जातं. नरखेड तालुक्यात माझे वडील वामनराव या कामात नावाजलेले होते. बाग ताणावर असली की ते सकाळ-संध्याकाळ प्रत्येक ओळीतून फिरत, पान बोटांत धरून बघत, बुंध्याजवळची माती उकरत. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, त्या वाळक्या फांदीला सल म्हणतात. बाबांच्या बागेत सल दिसत नसे. दुसऱ्याच्या बागेत दिसली की ते म्हणत, ज्याला थांबायचं कुठे ते कळत नाही त्याने झाडाला हात लावू नये.

लेकरांनाही ताण लागतो, हे त्यांनी कुठून काढलं देव जाणे. विहिरीजवळ इंजिनाची पत्र्याची खोली होती. आमच्या हातून चूक झाली की त्या खोलीत, बाहेरून कुलूप, आणि पाणी तोडलेलं. एकसष्ट सालच्या मे महिन्यात मी गणितात नापास झाले तेव्हा अकरा वर्षांची होते. आत डिझेलचा वास, पत्रा तापून लालबुंद व्हायचा तेवढा बाकी. बाहेर आई विहिरीत बादली सोडत होती, तिचा बुडताना होणारा आवाज मला आतून स्पष्ट ऐकू येत होता. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून तिच्या लुगड्याचा ओला पदर आत सरकला. मी तो चोखला. पुढच्या वेळी बाबांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून अशा दिवशी आईला शेतात यायची बंदी झाली.

झाडाचं पान हा माणूस दिवसातून दोनदा बघत होता. आमचं तोंड बघायला त्याने मध्येच एकदाही दार उघडलं नाही. माझा सगळा राग इथे आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाने, लहानूने, बागेचं फाटक उघडं टाकलं आणि बकऱ्यांनी नवी कलमं खाल्ली. तो नऊ वर्षांचा होता. बाबांनी त्याला दुपारी खोलीत घातलं, किल्ली करदोड्याला अडकवली आणि शेजारच्या गावी कुणाच्या तरी बागेचा ताण बघायला निघून गेले. तिथे त्यांना जेवायला थांबवलं. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. बंदी झुगारून ती आली, तिने कुलपावर दगड घातले, शेवटी आमच्या गड्याने, नत्थूने, पत्रा उचकटला. लहानू भट्टीसारखा तापला होता, त्याला आई ओळखू येईना. तो जगला. पण तेव्हापासून पाण्याचा गिलास हातात घेतला की तो विचारू लागला, "पिऊ का?"

त्यानंतर आई पहिल्यांदा तोंड वर करून बोलली. तिने नागपूरहून तिच्या भावाला, रामाजीमामाला, बोलावून घेतलं आणि दोन्ही लेकरं घेऊन जा म्हणाली. बाबांनी मुलगी दिली. मुलगा दिला नाही, शेत कोण करणार म्हणून. मामाचं नागपूरच्या महाल भागात शिवणकामाचं छोटं दुकान होतं. त्याच्या घरी पाण्याचा माठ होता आणि त्यावर कुणाचीही पाळत नव्हती. मी तिथे वाढले, शिकले, मेडिकलला गेले. म्हणजे मला बहार आला असेलच, तर तो मामाच्या माठाने आला. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

तरी लग्नानंतरही मी पाणी चोरून प्यायची. दाराआड उभी राहून, घटाघटा, कुणी बघत नाही ना ते पाहून. माझी मलाच शुद्ध नसे. एकदा सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, मला धरलं.  त्यांनी पाट मांडला, तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बसून पी वं. पाणी कोणाच्या बापाचं नाही." मी हसले, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की पाटावरून उठता येईना. मग मी त्यांना सगळं सांगितलं, खोलीपासून लुगड्यापर्यंत. तांब्या रिकामा झाला की त्या भरून आणत राहिल्या. मी बरी व्हायला लागले ती त्या दिवसापासून. पुढे नागपुरातच रामदासपेठेत लहान मुलांचा दवाखाना काढला तेव्हा पहिली वस्तू आणली ती बुटका माठ, तीन वर्षांच्या पोराचाही हात पुरेल असा.

मी बरी झाले. लहानू मात्र तिथेच होता. आई गेली, तो तिशीचा झाला, त्याचं लग्नही झालं नाही, आणि बाबांच्या पुढ्यात तो अजून विचारूनच पाणी पीत होता. मी दरवर्षी त्याला माझ्याकडे बोलावत असे. कळमेश्वरला कारखाने निघाले होते, तिथे काम मिळवून देते म्हणत असे. त्याचं उत्तर ठरलेलं, बाबाले विचारून सांगतो. ते सांगणं कधी आलं नाही.

म्हणून चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात गावाने माझा सत्कार ठरवला तेव्हा मी हो म्हटलं. मला शालही नको होती आणि नारळही नको होता. मला लहानूला घेऊन यायचं होतं, आणि रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या मीही येते. एसटीत बसल्यावर त्यांनी मला बजावलं की हार घालून घे, पण कुणाचं खोटं गिळून येऊ नको.

शाळेपुढे मांडव होता. सरपंच मनोहरराव दोन शब्द म्हणून बरंच बोलले. लहानू मांडवाच्या कडेला घागरीपाशी उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता. भर उन्हात तो घामाने निथळत होता, पण त्याचे स्वतःचे ओठ कोरडे दिसत होते. मी डॉक्टर आहे, मला कळतं.

मग बाबा उठले. थकले होते, काठी होती, पण आवाज तोच. म्हणाले, "झाडाले ताण देल्याशिवाय बहार येत नाही. लेकराचंबी तसंच हाये. मी हिले ताण देला, म्हणून आज हे फळ तुम्ही पाहून राहिले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेतकरी माणसं, त्यांना ते पटलं. मनोहरराव माझ्याकडे बघून मान डोलावू लागले, की आता मी वडिलांच्या पाया पडेन आणि फोटो निघेल. मी उठले. भाषण लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं.

"बाबा, तुमच्या बागेत दोन झाडं होती," मी म्हणाले. "तुम्ही लोकायले एकच दाखवून राहिले. तेबी दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेलं. दुसरं तिथं उभं हाये, घागरीपाशी. ते काहून सललं, तेबी सांगा न सगळ्यायले."

 पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना खोली ठाऊक होती. त्या दिवशी पत्रा उचकटलेला त्यांनी पाहिला होता आणि बावीस वर्षं तोंडात गुळणी धरली होती. त्यातला एकही माझ्याकडे बघेना. मी त्यांना सोडलं नाही. खोली, कुलूप, फटीतून आलेला पदर, सगळं सांगितलं.  शेवटी मी म्हणाले की सललेलं झाड पुन्हा जीव धरत नाही असं बाबा म्हणतात, पण ते झाडांचं. माणसाचं मी दवाखान्यात रोज बघते, वेळेवर पाणी मिळालं तर धरतं.

बाबांचा चेहरा काळा पडला होता. ते काठी टेकून खाली बसले, घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहानू, पाणी आण."

लहानूने गिलास भरला. सगळ्या मांडवातून चालत तो आला आणि बाबांच्या समोर उभा राहिला. बाबांनी हात पुढे केला. लहानूने गिलासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचे ओठ हलले, आणि मला वाटलं आता तो विचारणार, आणि मग माझं सगळं बोलणं मातीत गेलं.

त्याने विचारलं नाही. गिलास तोंडाला लावला आणि बापासमोर, गावासमोर, सगळा प्याला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं, ते त्याने पुसलं नाही. रिकामा गिलास टेबलावर ठेवला, घागरीकडे बोट दाखवलं आणि बाबांना म्हणाला, "तिथं हाये. घ्या."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, यष्टी किती वाजता हाये?"

 उत्तर सासूबाईंनी दिलं. येईलच आता म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी दुसरा गिलास भरायला उठल्या.