पोलिओच्या कव्हरातली पुस्तकं

"आई, हे पण पोलिओचंच?" चंद्रिकाने मोबाइल खाली केला.

खाटेवर मांडलेल्या प्रत्येक पुस्तकावर एकच गुटगुटीत बाळ तोंड उघडून बसलं होतं. तिच्या सासूबाई, जयवंती सिस्टर, कासा गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यापासून लसीकरणाची मोहीम संपली की उरलेली पोस्टरं घरी आणायच्या आणि पुस्तकांना कव्हरं घालायच्या. चांगला जाड कागद, वाया कसा जाऊ द्यायचा? आता चंद्रिकाने वाचकांच्या वेबसाइटवर पुस्तकांचे फोटो चढवले, तर एका बाईने खाली विचारलंही, 'तुमच्याकडे फक्त आरोग्यखात्याचीच पुस्तकं आहेत का?' सासू-सुना पोट धरून हसल्या.

हसणं तेवढंच. सिस्टर रिटायर झाल्या होत्या. क्वार्टर सोडून मुलाच्या, नविनच्या, डहाणूच्या फ्लॅटवर राहायला जायचं होतं. नविनचं म्हणणं सरळ होतं. "आई, वेबसाइटवर यादी टाकून ठेव. फोटो कायमचे राहतील. पुस्तकं रद्दीत देऊ, दोन खोल्यांत ठेवणार कुठे?" सिस्टर "बरं" म्हणाल्या होत्या. लेकाच्या घरी जाण्याआधीच वाद कशाला घालायचा! पण तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

चंद्रिकाने कव्हरं काढायला घेतली. आतली पुस्तकं कालच दुकानातून आणल्यासारखी निघाली. फोटो काढता काढता तिचं डोकं पुस्तकात जाई, ते दोन-चार पानं उलटल्यावरच वर येई.

वेबसाइट प्रत्येक पुस्तकापुढे विचारत होती: वाचलं, वाचायचंय, की देऊन टाकलं?

"देऊन टाकलं, असंच टाक सगळीकडे," सिस्टर म्हणाल्या आणि उगीचच खिडकी पुसायला लागल्या.

संध्याकाळी नविन टेम्पो घेऊन आला. मोबाइल बघून चक्रावलाच.

"चंद्रिका, हे तुझ्या नावावर कसं? आणि सगळ्यांपुढे 'वाचायचंय'?"

"अकाउंट माझंच आहे ना. मला वाचायचीयत."

"सगळी?"

"हो. मग काय रद्दीवाल्याकडे जाऊन वाचू? आपल्या हॉलमधला तो मोठा शोकेस रिकामा करा ना. बंद पडलेला टीव्हीच तर आहे त्यात."

नविनने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पुस्तकांचं पहिलं खोकं उचललं.

सिस्टरांना एकदम हायसं वाटलं. दिवसभर उभ्याच होत्या, त्या आता खाटेवर टेकल्या.

"चंद्रिका," त्या म्हणाल्या, "ती रिकामी बॅग आण गं इकडे. माझ्या साड्या अजून भरल्याच नाहीत."