गालावरचा गोल

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. आतून रबराचं अस्तर, बाहेरून निळ्या चौकड्यांचं कापड, चुण्या घालून बसवलेलं पत्र्याचं तोंड आणि त्यावर फिरकीचं झाकण, एवढाच माझा थाट. माझा स्वभाव थंड आहे. कुणी विव्हळलं म्हणून मी कासावीस होत नाही, तेव्हा माझ्या गोष्टीत फार उसासे मिळणार नाहीत. आधीच सांगून ठेवते.

एका लहान कारखान्यात मी तयार झाले. शिवणयंत्रावरच्या बाईंनी माझ्या चुण्या मोजून घातल्या, पोटात पाणी भरलं आणि मला अर्धा तास उलटं टांगलं. थेंबही गळला नाही, तेव्हा कुठे मला खोक्यात जागा मिळाली.

औषधांच्या दुकानातून मला या घरच्या आईनं आणलं. आई बसच्या आगारात काम करते. कोणती गाडी किती वाजून किती मिनिटांनी सुटायची हे तिच्या हातात असतं, त्यामुळे घरातही सगळं मिनिटांवर चालतं. मुलगी सायकलवरून पडली, तिच्या घोट्याची सूज मी उतरवली. शेजारच्या काकूंना मधमाशी चावली, तिथेही मीच गेले. तेव्हा माझं भारी कौतुक व्हायचं. पुढे मुलगी धडपडायची थांबली आणि मी खणात गेले, गरम पाण्याच्या पिशवीच्या शेजारी. ही बया हिवाळाभर रोज बाहेर मिरवायची आणि परत आली की आईच्या कंबरेच्या गोष्टी सांगत बसायची. सहा वर्षं मी त्या ऐकल्या.

या घरचे बाबा चहा चाखतात. छंद म्हणून नव्हे, तीच त्यांची नोकरी आहे. चहाच्या कंपनीत लांबलचक टेबलावर पन्नास-साठ कप मांडलेले असतात. बाबा प्रत्येक कपात चमचा बुडवतात, खोलीभर आवाज होईल असा भुरका मारतात, घोट तोंडात घोळवतात, पचकन थुंकतात आणि पुढच्या कपाकडे वळतात. मी ते पाहिलेलं नाही, पण मुलगी त्यांची नक्कल फार छान करते. घरीसुद्धा आईच्या चहाचा एक भुरका मारून बाबा गुण द्यायचे. "दहापैकी साडेपाच. पाणी जास्त उकळलंय."

"बरं," आई म्हणायची, आणि आपला कप घेऊन खिडकीशी जायची.

मग एका बुधवारी बाबांची खालची अक्कलदाढ काढली. ती आडवी वाढली होती, म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून ती बाहेर काढली आणि वर टाके घातले. बाबा दातांत कापसाची घडी आवळून घरी आले. आईनं खण उघडला आणि सहा वर्षांनी मला उजेड दिसला.

आईनं डॉक्टरांचा कागद मोठ्यानं वाचला. "दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेवरची पट्टी. ती निघाली तर हाड उघडं पडतं. म्हणून आठवडाभर ओढून प्यायचं नाही, जोरात थुंकायचं नाही, गरमागरम काही घ्यायचं नाही."

"म्हणजे बाबांनी नोकरीच करायची नाही!" मुलगी हसत सुटली.

बाबा हसले नाहीत. पुढच्या बुधवारी कंपनीत वर्षभराच्या चहाचं मिश्रण ठरणार होतं. बावीस वर्षं ते बाबांच्या जिभेनं ठरत आलं होतं. ती खुर्ची एक दिवस जरी रिकामी राहिली, तरी हाताखालची धाकटी चाखणारी तिच्यावर बसेल आणि आपल्याला कुणी विचारणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. तसं ते बोलले नाहीत. माझ्याखालचा जबडा मात्र सारखा आवळला जात होता.

पहिले दोन दिवस आईनं मला बसगाडीसारखं चालवलं. मधे पातळ रुमाल, वीस मिनिटं गालावर, वीस मिनिटं सुट्टी. दुखण्याच्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रीजच्या दारावर लागलं. दुखणं वर चढायच्या आत गोळी पोटात गेली पाहिजे, असा तिचा हिशेब होता. सूज जेवढी यायची तेवढी आली आणि ओसरू लागली. शुक्रवारी संध्याकाळी आई म्हणाली, "बर्फाचं काम संपलं. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, तेही हळूच तोंडात फिरवायचं आणि आपोआप गळू द्यायचं." मला परत खणात जायचं होतं. पण मला वाळवायचं राहून गेलं आणि मी ओलीच फ्रीजवर पडून राहिले.

शनिवारी बाबांना एकदम बरं वाटत होतं. दुपारी मुलीनं भाज्यांचं कोमट सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी चमचा बुडवला आणि एवढा मोठा भुरका मारला की मुलगी दचकली. बावीस वर्षांची सवय ती! चमचा ओठांशी आला की दुसरं काही त्यांना करताच येत नसे. बाबा क्षणभर थांबले, जिभेनं जखम चाचपली आणि म्हणाले, "काही नाही झालं."

रविवारी कळ सुरू झाली. जबड्यातून निघाली, कानापर्यंत गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. बाबांनी कुणाला सांगितलं नाही. गाठ निघाली की डॉक्टर त्या खड्ड्यात लवंगेच्या तेलाची पट्टी भरतात, हे त्यांना ठाऊक होतं. मागे एका चाखणाऱ्याला ती भरली होती आणि दहा दिवस त्याला प्रत्येक चहा लवंगेचाच लागत होता. पट्टी म्हणजे बुधवार गेला. गोळ्याही त्यांनी बंद केल्या, कारण त्यांचा कडवटपणा जिभेवर राहतो असा त्यांचा समज. वेळापत्रकावर खूण करायची आणि गोळी चष्म्याच्या घरात टाकायची, असं चाललं होतं.

सोमवारी आई आगारात गेली, मुलगी शाळेत गेली. बाबांनी मला खाली काढलं, बर्फ भरला आणि तो आणखी गार व्हावा म्हणून गुळण्यांसाठी ठेवलेलं मीठ मूठभर माझ्या पोटात ओतलं. इतकी गार मी आयुष्यात कधी झाले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. सहा वर्षं खणात काढल्यावर कुणीतरी आपल्याला एवढं घट्ट धरतंय, याचं मला अप्रूप वाटलं. रुमाल नव्हता, घड्याळ नव्हतं. गाल बधिर झाला तसा बाबांना आराम वाटला आणि कुशीवर, मला गालाखाली घेऊन, ते झोपले. दीड तास.

मुलगी शाळेतून आली आणि दारातच ओरडली, "बाबा, तुमच्या गालावर झाकण उमटलंय!"

खरंच उमटलं होतं. मधे पांढरट, कडेनं लालभडक, माझ्या झाकणाएवढा गोल. सूज उतरवणारी मी, मीच त्यांना भाजल्यासारखं केलं होतं. मी थंड स्वभावाची आहे हे आधी सांगितलंय, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आई आली. तिनं गाल पाहिला, माझं झाकण फिरवून पोटातलं पाणी बोटाला लावून चाखलं आणि विचारलं, "मीठ? किती वेळ होती?"

बाबांनी गालावर हात ठेवला.

"कळ कधीपासून आहे?"

"काल सकाळपासून."

"आणि खुणा केल्यात त्या गोळ्या कुठायत?"

बाबांनी चष्म्याचं घर पुढे केलं. आई ओरडली नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, गाडी बिघडली तर ड्रायव्हरनं आगाराला कळवायचं असतं. लपवून तशीच पुढे नेली तर आम्ही काय करायचं?"

तासाभरात ते दवाखान्यात होते. परत आले तेव्हा गालाला मलम होतं, तोंडाला लवंगेचा वास होता आणि कपाळावरची आठी गेली होती. बाबांनी स्वतःच फोन लावला.

"परवा तू चाख," ते धाकटीला म्हणाले. पलीकडून काहीतरी घाबरं घाबरं ऐकू आलं. "हो, तूच. माझं तोंड कामाचं नाही. भुरका मोठा मार, लाजू नकोस."

बुधवारी संध्याकाळी धाकटीचा उलट फोन आला. मिश्रण ठरलं होतं, सगळ्यांना पसंत पडलं होतं. "छान," बाबा म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते आपला गाल चाचपत बसले. आपल्यावाचून काही अडलं नाही, हे दुखणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. माझ्या आणि कातडीच्या मधे कापड घाला, समोर घड्याळ ठेवा, आणि काम झालं की मला वाळवा. आणि दुखणं वाढलं तर ज्याला त्यातलं कळतं त्याला सांगा. मी कळ थोडा वेळ झाकते. ती का आली, ते मला कळत नाही.

त्या संध्याकाळी मी खिडकीत उलटी टांगलेली होते, झाकण काढून. आईनं चहा कोमट करून बाबांच्या हातात दिला. बाबांनी कप ओठांना लावला, आवाज न करता एक घोट घेतला आणि गिळला. मग दुसरा, मग तिसरा. कप रिकामा झाला.

"किती गुण?" मुलीनं विचारलं.

"चव कुठे कळतेय? नुसती लवंग लागतेय," बाबा म्हणाले आणि त्यांनी कप आईपुढे धरला. "अजून आहे का थोडा?"

आईनं आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला. मग खिडकीशी न येता ती तिथेच, त्यांच्या शेजारी बसली.