अर्धा पाळक

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुंजाराम पाळकाचे हात थरथरायला लागले आणि परतूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला नवा पाळक पाहिजे झाला. माणूस तयार होता. मांगवाड्यातला संपत, बायबल शाळेत शिकून आलेला, आवाज खणखणीत. त्याचा उपदेश पंचांना चालत होता. पण प्रभुभोजनाचा प्याला त्याच्या हातून घ्यायचा म्हटलं, की घशात अडकत होता.

आमची रीत ऐका. प्याला एकच, मनुका भिजवून काढलेल्या रसाचा. पुढच्या सतरंजीवर महारवाड्यातली जुनी घरं, आज्याच्या काळात ख्रिस्ती झालेली. मागच्या सतरंजीवर मांगवाडा. प्याला पुढून मागं जायचा, मागून पुढं कधीच नाही. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू देत नव्हते, त्यांनी चर्चात स्वतःची विहीर काढली आणि दुसऱ्यांना तिथं मागं उभं केलं. वर येशूचं नाव.

पाळकानं तोडगा काढला. संपतला घरी बोलावून म्हणाला, उपदेश तू कर, लग्नं तू लाव, मयतीला तू जा. प्याला तेवढा माझ्या हातात राहू दे, मी जिवंत आहे तोवर. म्हणजे सगळे खुश.

"सगळे म्हंजे कोण, बाबा?" संपत म्हणाला. "अर्धा पाळक व्हायला न्हाई आलो मी."

"दमानं घे. मंडळी फुटंल."

"फुटलेलीच हाये. तीस वर्षं दोन सतरंज्या बघून राह्यले तुमी."

रविवारनंतर जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो, असं सांगून संपत उठला. त्याच्यामागं दोन्ही वाड्यांतली तरणी पोरं मंडळी सोडणार होती. त्यात अप्पाराव पंचाचा मुलगा सगळ्यात पुढं. अप्पाराव म्हणे, जाऊ द्या, जल्दीच परत येतील.

रविवारी पाळकानं भाकरीवर, प्याल्यावर प्रार्थना केली. मग प्याला घेऊन तडक मागं चालत गेला, तो संपतच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या सतरंजीवर बसला.

"आता मला दे," म्हणाला.

संपतनं दिला. मग मागच्या सगळ्यांना दिला, मग पुढं निघाला.

अप्पारावानं हाताची घडी घातली आणि भिंतीकडं तोंड केलं. पुढची सतरंजी गार. तेवढ्यात बायांच्या बाजूनं त्याची बायको गिरिजाबाई उठली. संपतसमोर येऊन प्याला मागितला, घोट घेतला, पदरानं तोंड पुसलं.

"पंच," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या हातचं खायचं का न्हाई, ते आता घरी ठरवा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अप्पाराव उठला, वहाणा घातल्या आणि गेला. त्याच्यामागं आणखी दोघं. बाकीच्यांनी माना खाली घालून का होईना, प्याला घेतला.

चर्च रिकामं झाल्यावर संपत म्हणाला, "तुमी म्हणत होते तसंच झालं, बाबा. तिघं गेले."

"मंग जा त्यांच्याकडं. रुसलेल्याच्या दारात जाणं पाळकाचं काम हाये. मांगवाड्याच्या दारात मी कधी गेलो न्हाई. तू तसं करू नको."

संपत भर उन्हात निघाला. अप्पाराव ओट्यावर उपाशी बसला होता. बस म्हणाला नाही. ऊठ, चालता हो, असंही म्हणाला नाही.

संपत बसला.