लोखंडी कढईतला रंग

पळस फुलला आणि दामिनीचं घरात लक्ष लागेना. अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, जिकडे पाहावं तिकडे लालभडक झाडं. लोक बघून पुढे जायचे. दामिनीला मात्र त्या फुलांत कापड दिसायचं. सकाळचं सडा-सारवण आटोपलं की ती चेतनाला, म्हणजे नणंदेला, घेऊन निघायची आणि दोघी पोती भरभरून खाली पडलेली फुलं घरी आणायच्या.

"फुलायचं लोनचं घालतेस काय वो?" शेजारच्या सुशिलाबाईंनी अंगणातून विचारलं.

"नाही काकू, कपडे करून राहिली."

सुशिलाबाई पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या.

पण दामिनीनं हे मनावर घेतलं होतं ते मागच्या पावसाळ्यातल्या, धानाच्या रोवण्यापासून. गोंदियात शिवणकाम शिकलेली ही पोरगी लग्न करून आली ती शिलाई मशीन घेऊनच, आणि त्या रोवण्याला पहिल्यांदा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरली. बघते तर सगळ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून चिखलात वाकलेल्या. शर्ट सगळे पॉलिस्टरचे. घामाला बाहेर पडायला जागा नाही, वारा आत शिरत नाही. संध्याकाळी सासूच्या, रुख्माच्या, पाठीवर घामोळ्यांचा नुसता मळा फुललेला. पावडर लावता लावता दामिनी म्हणाली होती, "आई, बाईनं नवऱ्याच्या शर्टात कायले काम कराचं? तुम्ही म्हटलं तर मी शिवीन सदरा. तुमच्या मापाचा, सुती."

भंडाऱ्याकडच्या भोजराज नावाच्या विणकराकडून तिनं हातमागाचं कापड मागवलं. त्याचा एक सदरा शिवला: सैल अंग, लांब बाह्या, मनगटाला नाडी, बगलेत वेगळा चौकोनी तुकडा, म्हणजे हात कितीही लांबवला तरी शिवण ताणत नाही. पुढे एक खोल खिसा. रुख्मानं घालून पाहिला. हात वर केले, वाकली, उठली. मग आरशात बघून म्हणाली, "अंगाले मस्त हाय. पण पांढरा? हे घालून बांधीत उतरली त लोक म्हनतील, नर्स आली!"

म्हणून रंग हवा होता. बाजारातला रंग दामिनीला नको होता, घामात उतरून अंगाला लागला तर काय घ्या. गोंदियाच्या क्लासमधल्या मंजूताईंनी एकदा पळसाचा रंग करून दाखवला होता. कापड आधी हिरड्याच्या नि तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, फुलं उकळून गाळायची, मग कापड त्यात सोडायचं. दामिनीनं पितळी गंजात एक रुमाल रंगवला. काठीनं वर काढला तो काय पिवळा! चेतना टाळ्या पिटत अंगणभर नाचली.

आता अख्खा ताका रंगवायचा, तर भांडं मोठं हवं. सासरे मनिराम यांनी गूळ शिजवायची जुनी लोखंडी कढई कोठीतून ओढत आणली. "हे घे. यात बैल बी रंगतील."

चूल पेटली, फुलं उकळली, रंगाचा वास गल्लीभर सुटला. कापड सोडलं, ढवळलं आणि काठीनं एक टोक वर उचललं.

पिवळं नव्हतंच. शेवाळासारखं गडद, हिरवट, मध्येच राखाडी झाक मारणारं.

"हे काय झालं वो वहिनी?" चेतना पुटपुटली. दामिनीनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. सगळा ताका गेला, असंच तिला वाटलं. डोळे भरून आले ते धुरानं नव्हे. तिनं मंजूताईंना फोन लावून रंग कसा आला ते सांगितलं.

"अगं, लोहे की कढाई में डाला क्या?" पलीकडून मंजूताई खो खो हसत सुटल्या. "लोखंडानं रंग फिरतो गं. पण रडू नको. तो रंग पक्का बसतो. सावलीत वाळव, मग बघ."

वाळल्यावर ते कापड हातात घेऊन रुख्मा बराच वेळ उलटसुलट करत राहिली. मग एवढंच म्हणाली, "याचा शिव. उद्या निंदाले जाचं हाय."

दामिनीनं मशीनवर बसून दुपारभरात सदरा शिवून काढला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती शिदोरी घेऊन उन्हाळी धानाच्या बांधीकडे जवळजवळ पळतच गेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोहोचताच रुख्मा वर आली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"पाह्य."

दामिनीनं गळ्याशी कापड सारून पाहिलं. पाठ ओली होती, पण गार होती. एकही पुरळ नाही. "वारा आरपार जाते," रुख्मा म्हणाली, "आन हे बी पाह्य." तिनं बाही पुढे केली. कोपरापर्यंत चिखल माखला होता, पण वाळलेला चिखल झटकला तर त्या हिरवट राखाडी रंगात डाग शोधून सापडेना. पिवळ्यावर तो कसा दिसला असता, हे दामिनीच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती मोठ्यानं हसली.

सुशिलाबाई चिखलातूनच आल्या, कापड चिमटीत धरून चोळलं, हुंगलं. "मले कधी देतेस?"

"मले बी!" "माह्या पोरीले बी एक!" धुऱ्यावर एकच गलका. कोणी हात पसरून उभी राहिली, कोणी पदर खोचून. टेप घरी राहिली होती, म्हणून दामिनीनं वितीनंच मापं घेतली. संध्याकाळी नवरा, हिमांशू, अर्जुनीहून सुती धाग्याची रिळं घेऊन आला तर घरात पाय ठेवायला जागा नाही. चेतना कापते आहे, दामिनी शिवते आहे, बाया नाड्या ओवताहेत.

पुढच्या निंदणाला रस्त्याकडेच्या बांधीत सगळी रांग त्याच रंगात उतरली. अर्जुनीची एसटी आली, वळणावर मंदावली. कंडक्टर बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ मावशी! कोनत्या कंपनीचे आहा तुम्ही?"

रुख्मा कंबर सरळ करून उभी राहिली आणि हात उंचावून ओरडली, "दामिनीच्या!"

रांगभर हसू फुटलं. "मंग माह्या मापाचा बी एक ठेवजा!" कंडक्टर बाई ओरडली आणि एसटी धूळ उडवत निघून गेली.

दामिनीला पायात चिखल आहे याचंही भान राहिलं नाही. धुऱ्यावर उभ्या उभ्या तिनं भोजराजला फोन लावला. "दादा, ताका पाठवा. नाही, एक नाही. जेवढे विणून झाले असतील तेवढे पाठवा!"