सात वाजताचं रीडिंग

बत्तीस वर्षं मी पाण्यातले जंतू मारले. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन सोडायचं काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी शहराच्या शेवटच्या टोकाच्या नळाशी जायचं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचला, लोकांनी खुशाल प्यावं. माझ्या हातचं पाणी पिऊन कुणाचं पोट बिघडल्याचं ऐकिवात नाही. अशा माणसाच्या मुलीने त्याच्या परसात कोई जातीच्या रंगीत माशांचं तळं बांधलं आणि वर तोंड करून सांगितलं, "बाबा, आता तुम्ही जंतू पाळायचे."

मुलगी राहते विमानाने जावं लागेल इतक्या लांब, आणि तिथल्या एका मत्स्यालयात काम करते. तीन आठवड्यांची रजा काढून आली होती. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं असं कन्यारत्नाचं मत पडलं. मासे बोलत नाहीत हे मी तिच्या लक्षात आणून दिलं, पण माझ्या घरात माझं ऐकायची पद्धत कधीच नव्हती. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या काढून तिथे तळं खणलं. एका माणसाच्या कपड्यांना तेवढी जागा लागतही नव्हती.

तळ्याशेजारी फिल्टरचं निळं पिंप बसवलं. मोटर तळ्यातलं पाणी पिंपात आणते, तीन जाड स्पंजांतून ते गाळलं जातं आणि परत तळ्यात पडतं. पण खरं काम स्पंज करत नाहीत, स्पंजांवर राहणारे जंतू करतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं पुढे नायट्राइट होतं. दोन्ही विषारी, आणि दोन्ही हे जंतू खाऊन टाकतात. नव्या तळ्यात ते नसतात. त्यांचं बस्तान बसायला पाचसहा आठवडे लागतात, आणि तोवर माणसाने रोज पाणी तपासून, थोडं थोडं बदलून मासे जगवायचे.

"स्पंज नळाखाली धुवायचे नाहीत," ती म्हणाली. "तळ्याचंच पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात नुसते पिळायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, सगळे जंतू मरतील. नवं पाणीसुद्धा आधी एक दिवस ड्रममध्ये उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातो."

हे ती मला सांगत होती. क्लोरीनबद्दल. मला.

मासे पाच आणले. सगळ्यात मोठा केशरी, तो फक्त खायच्या वेळी वर यायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. एक पांढरा, अंगावर शाईचे डाग पडल्यासारखा, तो कारकून. बाकीचे तिघे शिपाई. साहेब आपल्याच तोऱ्यात असायचा, पण कारकून मी काठावर बसलो की जवळ यायचा आणि हातातलं खाणं अलगद उचलायचा. माणसाने माशात जीव गुंतवू नये असं मला वाटतं. गुंतला.

मुलगी परत गेली आणि रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायला लागला. आधी रविवारी यायचा, दोन मिनिटं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते. आता तिकडची तिची दुपारच्या जेवणाची सुट्टी आणि इकडे माझे सात वाजलेले एकच. ती डबा खात खात बोलायची आणि मला तिचा घास चावल्याचा आवाज ऐकू यायचा.

"रीडिंग सांगा."

मी तिने ठेवलेल्या पाणी तपासायच्या नळ्या दिव्याखाली धरून बसलेला. अमोनियाची हिरवी असली तर विष आहे, पिवळी असली तर शून्य. नायट्राइटची जांभळी वाईट, निळी चांगली. मी रंग सांगायचो, ती किती पाणी बदला ते सांगायची, आणि मग गाडी कुठेही जायची. तिचा वरिष्ठ कसा बिनडोक आहे, तिच्या घराचा नळ कसा ठिबकतो, आईच्या हातचं लोकरीचं काम ती अजून कशी वापरते. अर्धा तास कुठे जायचा कळायचं नाही. दुपारी चारलाच मी नळ्या धुऊन पुसून ठेवायचो.

एक्केचाळिसाव्या दिवशी सलग तिसऱ्यांदा एक नळी पिवळी आणि एक निळी आली.

"बाबा, जमलं!" ती म्हणाली. "तळं बसलं. आता रोज बघायची गरज नाही. आठवड्यातून एकदा थोडं पाणी बदला, महिन्याने स्पंज पिळा. काही झालं तरच फोन करा."

मी म्हटलं, वा. फोन ठेवला आणि धुतलेल्या नळ्या उगाच पुन्हा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी आपणहून फोन लावला.

"काही झालंय का?"

"नाही गं. सगळं ठीक."

"मग मी मीटिंगमध्ये आहे बाबा. नंतर करते."

नंतर म्हणजे रविवारी. दोन मिनिटं.

सोमवारी सकाळी मी तीनपैकी दोन स्पंज काढले आणि बागेतल्या नळाखाली धरले. पाणी आधी तपकिरी आलं, मग स्वच्छ आलं. चुकून झालं असं मी कुणालाही सांगू शकलो असतो, पण इथे सांगतो, चुकून झालं नाही. माझा हिशेब पक्का होता. एक स्पंज शाबूत, म्हणजे अमोनिया थोडासाच वर जाईल, मासे जरा सुस्तावतील, कुणी मरणार नाही. जन्मभर डोस मोजत आलेल्या माणसाला एवढी घमेंड असते.

दोन दिवसांनी नळी हिरवट आली आणि मी साळसूदपणे फोन केला. त्या दिवसापासून सात वाजता पुन्हा फोन. पुन्हा डबा, पुन्हा वरिष्ठ, पुन्हा ठिबकता नळ. ती सांगेल तेवढं पाणी मी इमानेइतबारे बदलत होतो. त्या आठवड्यात मी खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

सहाव्या संध्याकाळी हिरवा रंग फिका पडला. "सुधारतंय की," ती म्हणाली. सातव्या दिवशी सकाळी मी तिसराही स्पंज धुतला.

मग कशाचाच अंदाज उरला नाही. अमोनिया चढला, पाठोपाठ नायट्राइटची नळी जांभळी झाली. नायट्राइटवर उतारा म्हणून मीठ टाका, म्हणाली, मी टाकलं. दिवसातून दोनदा पाणी बदललं, ड्रम उचलून कंबरेचा काटा ढिला झाला. कारकून मोटरच्या धारेखाली येऊन पाण्यावर तोंड काढून हवा गिळायला लागला. हातातलं खाणं त्याने घेतलं नाही. शुक्रवारी सकाळी तो आडवा तरंगत होता.

मी त्याला तळ्याच्या कडेला पुरलं आणि संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती रडली. एवढी माझी मुलगी, पंचेचाळिशीला आलेली, फोनवर हुंदके देत होती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "फिल्टर लहान पडला असणार. या वयात तुमच्यावर हे लादलं मी. दुकानदाराशी बोलते, तो उरलेले चार घेऊन जाईल. तळं बुजवून टाकू."

मूग गिळून गप्प बसलो असतो तर सगळं तिच्या नावावर जाऊन मिटलं असतं. पण तिचं ते रडणं मला ऐकवेना.

"फिल्टर लहान नाही," मी म्हटलं. "मी स्पंज नळाखाली धुतले."

"चुकून?"

"बत्तीस वर्षं क्लोरीन सोडला मी."

मग तिने विचारलं, "किती?"

"आधी दोन. मग रीडिंग उतरायला लागलं, म्हणून तिसरा."

"बाबा, त्यासाठी मासा मारायची काय गरज होती? फोन करायचा."

"केला होता. तू मीटिंगमध्ये होतीस."

तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सातला मी फोन समोर ठेवून बसलो, आणि वाजला तेव्हा उचलायचं धैर्य होईना. उचलला. "रीडिंग सांगा," ती म्हणाली, अगदी कोरड्या आवाजात. मी रंग सांगितले. तिने पाणी किती बदलायचं ते सांगितलं आणि ठेवला. दुकानदाराचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही. असे पाच आठवडे गेले. हळूहळू डब्याचा आवाज परत आला, ठिबकणारा नळ दुरुस्त झाल्याचं कळलं. स्पंजांना मी हात लावला नाही. साहेब आणि तिघे शिपाई तगले.

काल एक नळी पिवळी आली आणि एक निळी, सलग तिसऱ्यांदा. खोटा रंग सांगायचा मोह झाला नाही असं नाही. पण सांगितलं.

"शून्य," मी म्हटलं. "दोन्ही."

पलीकडचं चावणं थांबलं.

"उद्या परत बघा," ती म्हणाली.