काट्यांची मडकी

आमच्या घरात माशाचा काटा फेकत नाहीत. मांजरीलाही देत नाहीत. जेवण झालं की माय ताटांच्या कडेचे काटे गोळा करते, धुते, पत्र्यावर वाळवते आणि चुलीमागच्या मडक्यात टाकते. वर्षभर. भोईवाड्यातली बाकीची घरं हे कधीच विसरली. आमच्याकडे चालू राहिलं.

पावसाळ्यात तापीला मोठा पूर येतो, बॅरेजचे दरवाजे उघडतात. तेव्हा ते मडकं नदीत सोडायचं. आधी आबा सोडायचे, मग बाबा. होडी मधल्या धारेला न्यायची, मडकं पाण्यावर ठेवायचं आणि म्हणायचं, "तुनं तुले." तुझं तुला. संपलं. बामण नाही, नारळ नाही, काही नाही.

लहानपणी मी विचारलं होतं, मडकं जातं कुठं?

बाबा म्हणाले, "समुद्रले. तठेथीन बठ्ठं परत येस."

"सगळं परत येतं? आणि नाही सोडलं तर?"

"मंग पुढला मासा कसाना बनी?"

मासा काट्यांचा बनतो हे ऐकून मी हसलो होतो. बाबाही हसले. चहाचा ग्लास त्यांच्या हातात होता आणि डावी करंगळी बाहेर निघालेली. ती तशीच होती कायम. माझ्या जन्माच्या आधी होडीच्या साखळीत सापडून मोडली, हाडवैद्यानं बांधली ती वाकडी जुळली. ग्लास धरला की करंगळी वेगळीच उभी. शेजारचे रतिलाल नाना त्यावरून त्यांना साहेब म्हणायचे. "या साहेब, बसा साहेब, बशी देऊ का साहेबांना?"

करोना गेला, त्यानंतरच्या एका पुरात बाबा मडकं सोडायला गेले. मी काठावर होतो. मडकं पाण्यावर ठेवलेलं मी बघितलं. मग वरून केळीच्या खांबांचा लोंढा आला. सावद्याकडे घड कापले की खांब नाल्यात टाकतात, पुरात ते सगळे आमच्या पुढून जातात. लोंढा होडीला लागला. होडी गरगर फिरली आणि रिकामी झाली. मडकं मात्र सरळ उभं, मजेत पुढे गेलं.

रबरी बोटीवाले आले. खाली पार प्रकाशापर्यंत शोधलं. माय काठावरून त्यांना ओरडून सांगत होती, "डावी करंगळी देखा भाऊ! करंगळीवरथून वळखशात!"

काही मिळालं नाही. चप्पलसुद्धा नाही.

काही दिवसांनी रतिलाल नाना पंचांपैकी दोन माणसांना घेऊन आले. म्हणाले, "गुंताबाई, अंग मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. शास्त्रात आहे. सुकलालला मोकळा कर."

माय म्हणाली, "मना माणूस पानासना व्हता का?"



ती उठली आणि थेट घाटावर गेली. मी मागे गेलो. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती नदीशी बोलली, बाजारात भाव करतात तशी. "माणूस नही ते एक हाड दे. मनं मले दे, मंग तुनं तुले दिसू. तोपावत एक काटा भेटाव नही."

त्या वर्षापासून, नदी हाड देईपर्यंत, मडकी सोडणं बंद झालं. पण काटे जमवणं नाही. ती धुवायची, वाळवायची, भरायची, तोंडाला फडकं बांधायची. चुलीमागे मडक्यांची रांग लागली. नदीची वस्तू अडवून ठेवली होती तिनं. कपाळाचं कुंकू तसंच, हातातल्या बांगड्या तशाच.

मासे बदलले ते मागच्या हिवाळ्यात.

आधी चिलापी माशाचे काटे मऊ लागले. शेवयांसारखे. चावले तरी टोचत नव्हते. शिरपूरच्या बाजारात हाशमचाचा आमचे मासे घेतात, ते खूश. "क्या बे बबलू, बिना काँटे का माल! औरतें बच्चों के लिए माँग के ले जा रही हैं. कौनसी दवा डाली पानी में?"

मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. भाव चांगला मिळत होता.

मग एका सकाळी जाळ्यात मरळ आला. चांगला हातभर. उचलला तर माझ्या मनगटावरून ओल्या फडक्यासारखा दोन्हीकडे लोंबला. मेला असेल असं वाटलं. पण डोळे जिवंत होते. माझ्याकडे बघत होता. टोपलीत टाकला तर वाहत गेला आणि टोपलीच्या तळाचा आकार घेऊन बसला. गालफडं उघडत होती, मिटत होती.

हाशमचाचांनी टोपलीत वाकून बघितलं. नेहमीसारखी मस्करी केली नाही. टोपलीवर गोणपाट टाकलं. "ये वापस ले जा बेटा. ये मछली नहीं है."

त्या दिवसांत ज्योती मॅडम यायच्या. जळगावहून, नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायला. मी त्यांना होडीतून फिरवायचो, त्या बाटल्या भरायच्या आणि मी प्रश्न विचारायचो. मी बारावी नापास आहे, पण मोबाईलवर बघून बघून बरंच शिकलो. इंग्रजी व्हिडिओ अर्धे कळतात, उरलेलं मॅडमना विचारायचं. त्या कधी कंटाळल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं, नदी नुसतं पाणी नेत नाही. शेतातलं खत, कुजलेला पाला, मेलेली जनावरं, गाळ, सगळं नेते. त्यात फॉस्फरस असतो. समुद्रात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ तो खातं, शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात. हाडं बनतात ती त्या फॉस्फरसचीच. धरण आलं की गाळ मागे बसतो, त्याच्याबरोबर हेही बसतं. खाली समुद्र उपाशी राहतो.

मी म्हटलं, "म्हणजे एका घरानं काटे अडवले तर?"

त्या हसल्या. "एका मडक्यानं काय होणार रे? तापी केवढी आहे!"

मग मी त्यांना मरळ दाखवला.

 त्यांनी तो एका जारमध्ये औषधाच्या पाण्यात घेतला. पुढच्या आठवड्यात फोन आला. "बबलू, तू जारचं झाकण उघडलं होतंस का?"

"नाही मॅडम."

"आत काही नाहीये. गढूळ पाणी आहे नुसतं. झाकण सीलबंद आहे." मग म्हणाल्या, "असं कुठंच होत नाही. गाळ अडल्यानं तर नाहीच नाही. ते मासे घरात कुणी खाऊ नका."

मी घरात बघितलं. ललिता भिंतीला टेकून माशाचं कालवण आणि भाकरी खात होती.

ललिता माझी बहीण. सावद्याला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती, आल्यापासून तिला फक्त मासेच गोड लागत होते. मी ताट ओढलं तर भांडली. ताटात काटे नव्हतेच. माय मडक्यात टाकायला काही मिळेना म्हणून ताट बोटांनी चाचपत होती.

"पोट कसं आहे?" मी विचारलं.

ललितानं ओठ चाटले. "लाथ नही मारत रे. पानी हालस तसं हालस."

धुळ्याला नेली, देवपुरातल्या दवाखान्यात. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी यंत्र पोटावर बराच वेळ फिरवलं. पाणी पिऊन या म्हणाले. चालून या म्हणाले. पुन्हा फिरवलं. "ठोके चांगले आहेत. हाडं नीट उमटत नाहीयेत. मशिनचं असेल."

दुसऱ्या दवाखान्यातली मशिन नवी होती. पडद्यावर मला ते दिसलं. पांढरी रेघ कुठेच नाही. एक करडा गोळा हळूच पसरत होता, आवळत होता. मरळ टोपलीत करत होता, तसंच.

गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. पुढच्या वेळी तेच.

आषाढ लागला. वरून पाणी यायला लागलं. बॅरेजवरचे लोक गावात सांगून गेले, उद्या दरवाजे उघडणार, नदीत उतरू नका. मी मायसमोर बसलो. "माय, मडकी सोडून दे."

ती चूल सारवत होती. मान वर केली नाही. "सोडसू ते मंग तो कधी येई? मना हातमा एवढंच शे."

"आणि ललिता?"

"डाक्तर शे ना."

खाटेवरून ललिता बोलली. ओरडली नाही, शांतपणे बोलली. "माय, तुले बाबा पाहिजे का मनं पोर? एक सांग."

मायचा हात सारवणात थांबला. मग ती उठून बाहेर गेली आणि दुपार होईपर्यंत उंबऱ्यावर नदीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भोंगा वाजला. बॅरेजचा. त्याच वेळी चुलीमागून आवाज यायला लागला. सुपात ज्वारी पाखडतात तसा. उंदीर असेल म्हणून मी एका मडक्याचं फडकं सोडलं. उंदीर नव्हता. काटे सरकत होते. खालचे वर, वरचे खाली. सगळ्यांची टोकं एका बाजूला वळत होती. नदीच्या बाजूला.

मायनं मागून बघितलं. म्हणाली, "होडी काढ."

आमच्यात बाई पुरात होडीत बसत नाही. काठावर रतिलाल नाना आडवे आले. "अगं गुंता, वेडी झाली का? एक गेला तो पुरला नाही?"

"सरका नाना," ती म्हणाली. "साहेबले निरोप देवाना शे."

मधल्या धारेला पाणी चहाच्या रंगाचं होतं. मायनं मडकी एकेक करून पाण्यावर ठेवली. दर वेळी म्हणाली, "तुनं तुले."

मडकी गेली नाहीत.

दोन्ही बाजूंनी केळीचे खांब, जलपर्णी, एक मेलेलं रेडकू, सगळं सुसाट खाली चाललं होतं. मडकी होडीभोवती उभी. हलत नव्हती. गोल करून थांबली होती. मी वल्ही मारली तर होडीही जागची हलेना. मला वरून लोंढा येताना दिसत होता, खांबांचा, बाबांच्या वेळचा होता तसाच.

"माय, काहीतरी बोल!"

तिला कळलं होतं. सौदा अजून मोडला नव्हता. एक हाड दे म्हणाली होती ना, ती अट तशीच होती.

तिनं दोन्ही हात पाण्यात घातले, कोपरापर्यंत. "त्याले बी ठेव," ती म्हणाली. "मी नही मागत. पोर दे फक्त."

पहिलं मडकं खाली गेलं. कलंडलं नाही, भरलं नाही. खालून कुणी तळहात लावून घ्यावं तसं उभंच्या उभं उतरलं. मग दुसरं. मग सगळी. होडी सुटली. लोंढा आमच्या अंगावरून नाही, शेजारून गेला.

माय परत येताना रडली नाही. हात मात्र पुसले नाहीत, तसेच ओले धरून बसली.

पूर ओसरल्यावर मी जाळं टाकलं. दोन-चार चिलाप्या आल्या. मायनं कालवण केलं, आम्ही ललिताला नको नको म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही. पहिल्याच घासाला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, तोंड लाल, हात घशाकडे. काटा अडकला होता! माय कोरड्या भाताचे गोळे करून तिला गिळायला लावत होती आणि दोघी हसत होत्या. मीही हसलो. त्याच रात्री पोटातल्यानं पहिली लाथ मारली.

मुलगी झाली. देवपुरातच. चांगली खणखणीत, आवाज सगळ्या वॉर्डात. नर्स आमच्याकडे घेऊन आली, म्हणाली, "सगळं छान आहे. फक्त डाव्या हाताची करंगळी दुखावली वाटते, बाहेर येताना. फोटो काढून घेऊ."

मायनं दुपटं बाजूला केलं. इवलीशी मूठ. चार बोटं मिटलेली आणि करंगळी बाहेर, वेगळीच उभी.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. खाली केला. पुन्हा धरला. मला जवळ बोलावून दाखवलं. करंगळीच्या हाडावर एक गाठ होती. "हे आत्ताचं मोडलेलं नाही. मोडून जुळलेलं आहे. आणि अशी गाठ बसायला..." ते थांबले. बाळाकडे बघितलं. जन्माला येऊन एक दिवस झाला नव्हता. "मशिनचं असेल," ते म्हणाले.

मायनं बाळाची करंगळी आपल्या दोन बोटांत धरली. हाडवैद्य चाचपतो तशी चाचपली. मग वॉर्डच्या बाहेर आली, पायरीवर बसली आणि बांगड्या उतरवायला लागली. पहिल्या दोन-तीन निघाल्या, बाकीच्या घट्ट होत्या.

"बबलू, नानाले फोन लाव," ती म्हणाली. "त्यासनं कार्य करी टाकूत. ऊनात त्या." आले ते, म्हणजे बाबा.

कार्य झालं. पुतळा लागला नाही. काय ठेवलं, काय जाळलं, ते घरात राहू दे.

भाची आता बसते. सावद्याहून ललिता व्हिडिओ कॉल लावते. वाटी धरली की करंगळी बाहेर. रतिलाल नानांना एकदा दाखवलं. ते नेहमीसारखे बोलायला गेले, "या सा..." आणि मोबाईल माझ्या हातात देऊन निघून गेले.

मी कधीकधी विचार करतो. नदीकडे मागितलं होतं एक हाड. ती करंगळी बाबांची, ठीक आहे. पण त्या पोरीच्या अंगात एकही हाड नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग बाकीची कुठून आणली? वरून एवढी माणसं वाहून येतात. समुद्रात एवढी जातात. मी ज्योती मॅडमना विचारलं नाही. मायलाही नाही.

चुलीमागे नवीन मडकं आहे. माय काटे धुते, वाळवते. हल्ली लगेच टाकत नाही. एखादा काटा उजेडाला धरते, फिरवून फिरवून बघते, कुठं जुळल्याची गाठ आहे का. मग टाकते.