नसेची गोळी

हर्षदानं भाकरीसाठी पिठाच्या डब्यात हात घातला, तर हाताला गोळ्यांची पट्टी लागली. तीन दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

तिच्या आजी, अनसाबाई, ओसरीवर बसल्या होत्या. डाव्या गालापासून वीतभर लांब हात धरून, वारं अडवत.

"आज्जी, गोळी बंद केली व्हय?"

अनसाबाईंनी मान हलवली. बोलायला तोंड उघडलं की गालातून झटका जायचा. या दुखण्यापायी दोन वर्षांत तीन दाढा काढून झाल्या होत्या. शेवटी दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दाढा चांगल्याच होत्या, दुखते ती चेहऱ्याची नस. नसेतून नको तेव्हा झटके सुटतात, ते ही कार्बामाझेपिनची गोळी थोपवते. मनानं बंद करायची नाही. पंधरा दिवसांत अनसाबाई भाकरी चावून खाऊ लागल्या होत्या.

पण मागच्या आठवड्यात औषधांच्या दुकानात कोणीतरी मोठ्यानं विचारलं होतं, "फिटची गोळी? फिट कुणाला येती?" त्यांच्याच वडगावची चार माणसं मागं उभी होती. आणि रविवारी पाटसचे पाहुणे हर्षदाला बघायला यायचे होते.

"पाव्हणं जाऊ दे. मग घीन," अनसाबाई म्हणाल्या. एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

हर्षदानं खूप विनवलं. त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच.

रविवारी पाहुणे आले. मुलगा संपत, वडील मारुतराव, आई ताईबाई. चहाचा पहिलाच घोट घेताना अनसाबाईंच्या हातून कप सुटला. डोळे मिटून त्या ताठ बसून राहिल्या. गालावरून पाणी वाहत होतं.

हर्षदानं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. आत जाऊन पट्टी आणली, आणि सगळ्यांदेखत आजीला गोळी दिली.

मारुतरावांनी पट्टीकडं नुसतं बघितलं.

"ही फिटची न्हवं?"

"फिटला बी देत्यात," हर्षदा म्हणाली. "आज्जीचं दुखणं नसेचं हाय, दौंडच्या डाक्तरीणबाईंनी सांगितलंय. गोळी एकच."

तिचे वडील म्हस्कू यांनी मान खाली घातली.

थोड्या वेळानं अनसाबाई आत पाटावर टेकल्या. मागोमाग ताईबाई आल्या.

"त्या दौंडच्या बाई फिटचं बी बघत्यात का?"

"बघत्यात. का?"

ताईबाईंनी दाराकडं पाहिलं. "माझी धाकटी, मोनिका. चौदाची हाय. शाळंत पडली, तवापासनं घरीच ठिवलीया. एकदाच दावलं डाक्टरला. तीच गोळी लांबच्या दुकानातनं आणतो. तरी पडती."

"आज कुठं हाय?"

"घरातच."

"कुणापाशी?"

ताईबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "बाहेरनं कडी लावून आलो."

अनसाबाईंनी हात पुन्हा गालाजवळ नेला. झटका येऊन गेला. मग त्यांनी सावकाश हाक मारली.

"हर्षदा, डाक्तरीणबाईंचा नंबर लिहून दे ह्यास्नी. आन् म्हस्कूला सांग, पाव्हण्यांना जेवायला थांबवू नगं. त्यांना घरी जायाचंय."

चुलीवर पुरण शिजत होतं. ताईबाईंनी कागद घेतला आणि नवऱ्याच्या आधी चपला घातल्या.